जिल्ह्यातला एकुलता एक मानसोपचारतज्ज्ञ

गेल्या अंकातल्या एका उत्तरात मी लिहिले होते की, जिल्हा रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञाचे पद भरले म्हणजे जिल्ह्याच्या मानसिक आरोग्याची सोय झाली, असे कोणी समजू नये. या एका वाक्यावर पुष्कळ पत्रे आली. काहींनी हिशेब मागितला, काहींनी घरची व्यथा कळवली, आणि दोन-तीन पत्रे तर आरोग्य खात्यात काम करणाऱ्यांचीच होती. त्यांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तर देतो आहे. पत्रे थोडी आखडती घेतली आहेत आणि लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला नऊ वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी शिक्षक आहे. औषधांसाठी आम्हाला दर महिन्याला ऐंशी किलोमीटरवर जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते. मध्ये सात महिने तिथले मानसोपचारतज्ज्ञाचे पद रिकामे होते. त्या काळात भावाची औषधे तुटली आणि आजार पुन्हा उसळला. आमच्यासारख्या जिल्ह्याला खरे तर किती मानसोपचारतज्ज्ञ असायला हवेत? आणि पद मंजूर असूनही माणूस टिकत का नाही?

उत्तर : सर, आधी तुम्ही मागितलेला हिशेब मांडतो. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०२३ मध्ये मानसिक आरोग्यसेवेवर जो अहवाल दिला, त्यात देशात दर एक लाख लोकसंख्येमागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ असल्याचे नोंदवले आहे, आणि किमान अपेक्षा तीनची आहे. हे तीनचे प्रमाण २०११ च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या ११.२४ कोटी लोकसंख्येला लावले तर राज्याला सुमारे ३,३७० मानसोपचारतज्ज्ञ लागतील. त्या वेळी पावणेअकरा लाखांच्या घरात लोकसंख्या असलेल्या एकट्या गडचिरोली जिल्ह्याच्या वाट्याला त्यातले ३२ यायला हवेत. या आकड्यांत सरकारी आणि खासगी असे सगळेच धरलेले आहेत, आणि तुमच्यासारख्यांची अडचण नेमकी तिथेच सुरू होते, कारण खासगी मानसोपचारतज्ज्ञ जिथे फी देणारे रुग्ण आहेत तिथेच दवाखाना थाटतात. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर यांच्या बेरजेने राज्याची सरासरी फुगते. तुमच्या भावाला त्या सरासरीचा काडीचाही उपयोग नाही.

ही विषमता किती टोकाची असते ते बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसते. केरळमध्ये लाखामागे १.२ मानसोपचारतज्ज्ञ होते आणि मध्य प्रदेशात ०.०५, म्हणजे चोवीस पटींचा फरक. महाराष्ट्र त्या बारा राज्यांत नव्हता, पण असा उतार एकाच राज्याच्या आतही असतो, हे नोकरीत बदल्या भोगलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

आपल्याकडच्या विषमतेला इतिहासही आहे. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत : येरवड्याला २,५४० खाटा, ठाण्याला १,८५०, नागपूरला ९४० आणि रत्नागिरीला ३६५. चारही इंग्रज अमदानीतली आहेत. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे ब्रिटिशांच्या त्या व्यवस्थेतले एकही रुग्णालय तिथे उभे राहिले नाही, आणि राज्य स्थापन होऊन सहा दशके उलटेपर्यंत ती उणीव कोणी भरून काढली नाही. जालन्याला मनोरुग्णालय मंजूर झाले ते अगदी अलीकडे. जिथे रुग्णालय, तिथे पदे. जिथे पदे, तिथे शिकाऊ डॉक्टर. आणि जिथे शिकले तिथेच बहुतेक जण स्थायिक होतात. नांदेडच्या रुग्णाच्या नातेवाइकांनी सव्वातीनशे किलोमीटरवरचे नागपूर गाठायचे की त्याहून लांबचे येरवडा, हा प्रश्न त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहिला.

आता जागा भरली तरी काय होते ते पाहा. पंधरा लाख प्रौढ लोकसंख्येचा एक जिल्हा धरू. त्या सर्वेक्षणानुसार ०.८ टक्के प्रौढांना सर्वेक्षणाच्या वेळी स्किझोफ्रेनिया किंवा द्विध्रुवीय विकारासारखा तीव्र मानसिक आजार होता, म्हणजे आपल्या जिल्ह्यात असे सुमारे बारा हजार रुग्ण असतील. नैराश्य, चिंताविकार, दारूचे व्यसन हे सगळे जमेस धरले तर प्रमाण १०.६ टक्क्यांवर जाते. तो विचार तूर्त बाजूला ठेवू. एक मानसोपचारतज्ज्ञ दिवसाला साठ रुग्ण तपासतो आणि वर्षात अडीचशे दिवस ओपीडी चालवतो असे मानले, तर वर्षाला पंधरा हजार भेटी होतात. प्रत्येक रुग्णाला दोन महिन्यांतून एकदा जरी बोलावले, तरी त्यात अडीच हजार रुग्णच बसतात. म्हणजे पद भरलेले, डॉक्टर प्रामाणिक, एकही सुट्टी न घेणारा, आणि तरीही तीव्र आजाराच्या दर पाच रुग्णांपैकी जेमतेम एक त्याच्यापर्यंत पोहोचतो. शिवाय दिवसाला साठ रुग्ण म्हणजे एका रुग्णाला पाच-सहा मिनिटे. एवढ्या वेळात ‘झोप कशी आहे, औषध घेतोस का’ यापलीकडे संभाषण जात नाही.

माणूस का टिकत नाही, याचे उत्तर पगारापासून सुरू होते, पण तिथे संपत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातली बरीच पदे कंत्राटी आहेत, दर वर्षी मुदतवाढीची वाट पाहावी लागते आणि शेजारच्या शहरातले खासगी रुग्णालय त्याच कामाचे कितीतरी जास्त पैसे देते, हे खरेच आहे. मी स्वतः जिल्ह्याचा मानसोपचारतज्ज्ञ असताना मला मात्र जास्त डाचत होता तो एकटेपणा. मी ज्या जिल्ह्यात होतो तिथे आठवड्यातला एक अख्खा दिवस दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रांत जाई. पहाटेच्या एसटीने आलेले पालक बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना घेऊन रांगेत बसलेले असत, आणि बुद्ध्यांक तपासणारा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ नसल्यामुळे निम्म्यांना मी परत पाठवत असे. त्याशिवाय न्यायालयाचे समन्स, कारागृहाची फेरी, वैद्यकीय मंडळ, पोलिसांनी रस्त्यावरून आणलेले बेवारस रुग्ण. रजा घ्यायची तर बदली डॉक्टर नाही, आणि अवघड रुग्णाबद्दल विचारायला त्या इमारतीत आपल्या विषयाचा दुसरा माणूस नाही. कार्यक्रमाच्या रचनेत मानसोपचारतज्ज्ञासोबत मानसशास्त्रज्ञ, मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका असा संच सांगितलेला आहे. डॉक्टर नेमला आणि संच नेमलाच नाही, तर तो डॉक्टर दीड-दोन वर्षांत जातो, हे मी स्वतःवरूनच सांगतो.

तुमच्या भावाच्या बाबतीत एक गोष्ट तातडीने करा. सध्याच्या औषधांची नावे, मात्रा आणि निदान स्वच्छ अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी तिथल्या डॉक्टरांकडून घेऊन ठेवा. पुन्हा पद रिकामे झाले तर हीच चिठ्ठी दाखवून तुमच्या ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना चालू औषधे पुढे देता येतात, आणि औषधे तुटण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

प्रश्न : मी मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात इंटर्न आहे. मला मानसोपचारशास्त्रात एमडी करून आमच्याच भागात सरकारी नोकरी करायची आहे. घरचे म्हणतात, या विषयात काही शिकायला मिळत नाही आणि नोकरीतही पुढे काही नाही. प्रशिक्षणाची स्थिती खरोखर कशी आहे?

उत्तर : तुझे पत्र वाचून मनापासून आनंद झाला, म्हणून उत्तरही मोकळेपणाने देतो.

आमच्या पिढीने एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत मानसोपचार विभाग पाहिला तो दोन आठवडे, आणि त्यातही अनेकांनी हे दोन आठवडे ग्रंथालयात बसून मेडिसिन वाचले, कारण परीक्षेत मानसोपचाराची वेगळी उत्तरपत्रिका नव्हती. परीक्षेला नसलेला विषय विद्यार्थी गांभीर्याने घेत नाहीत, यात त्यांचा दोष किती आणि व्यवस्थेचा किती, हे तूच ठरव. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात या विषयाला पूर्वीपेक्षा जास्त जागा मिळाली आणि २०२१ च्या नियमांनी इंटर्नशिपमध्येही मानसोपचाराचे दोन आठवडे आले. ते दोन आठवडे तू वाया घालवले नसशील, असे पत्रावरून वाटते.

पुढचा रस्ता तीन वर्षांच्या एमडीचा किंवा डीएनबी या राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या पदव्युत्तर पदवीचा. पूर्वी दोन वर्षांची डीपीएम ही पदविका होती आणि जिल्ह्याजिल्ह्यांत काम करणाऱ्या माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांकडे तीच होती. देशभर पदविकेच्या जागांचे एमडीच्या जागांत रूपांतर झाले. शिक्षणाच्या दर्जाच्या दृष्टीने त्याला आधार आहे, पण एक खटकणारी गोष्ट सांगतो. जिल्हा रुग्णालयांत तज्ज्ञ तयार व्हावेत म्हणून राष्ट्रीय परीक्षा मंडळाने २०२० मध्ये दोन वर्षांच्या पदविका पुन्हा सुरू केल्या, तेव्हा पहिल्या आठ विषयांत भूलशास्त्र, स्त्रीरोग, बालरोग, कुटुंबवैद्यक, नेत्र, क्ष-किरण, कान-नाक-घसा आणि क्षय व छातीचे आजार एवढे होते. मानसोपचार नव्हते. ज्या विषयात जिल्ह्याची उपासमार सर्वांत मोठी, तोच यादीतून गळाला. अशी पदविका जिल्हा रुग्णालयांत हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र जिथे शिकवणारा वरिष्ठ कायमस्वरूपी नेमलेला आहे, अशाच जागी. नाहीतर विद्यार्थी म्हणजे रिकाम्या पदावरचा स्वस्तातला डॉक्टर ठरेल.

मनुष्यबळ वाढवण्यासाठी केंद्राने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमातून काही संस्थांना उत्कृष्टता केंद्राचा दर्जा आणि निधी दिला, त्यात पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे. पण तुझ्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो जिल्हा निवासी कार्यक्रम. या नियमामुळे पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावेच लागतात. महाविद्यालयातल्या वॉर्डात तुझ्या डोक्यावर सहयोगी प्राध्यापक असतात, हाताशी लिथियम या औषधाची रक्तातली पातळी मोजणारी प्रयोगशाळा असते, रात्री कोणी अनावर झाला तर चार जण धावून येतात. जिल्ह्यात यातले काहीच नसते, आणि तरीही रुग्ण बरे होतात. ते कसे होतात, हे तुला ते तीन महिनेच शिकवतील. अनेक रेसिडेंट हे पोस्टिंग टाळायच्या खटपटीत असतात; तू तसे करू नकोस.

एमडीत जे शिकवत नाहीत आणि जिल्ह्यात पहिल्या आठवड्यात लागते, ते म्हणजे दुसऱ्याला शिकवणे. जिल्ह्यातला मानसोपचारतज्ज्ञ सगळे रुग्ण स्वतः तपासायला बसला तर काय होते, तो हिशेब वरच्या उत्तरात केलाच आहे. त्याचा आठवड्यातला निदान एक दिवस प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांसाठी राखीव असायला हवा, आणि माझ्या मते हे त्याच्या नेमणुकीच्या आदेशातच लिहिलेले असावे.

नोकरी स्वीकारण्यापूर्वी तीन गोष्टी विचार : सोबत मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ता प्रत्यक्ष हजर आहेत का, औषधे कोणत्या रुग्णालयांपर्यंत पोहोचतात, आणि रजेच्या काळात काम कोण पाहते. एमडीनंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा तुला करायचीच आहे. ती आपल्याच भागात मागून घे आणि त्या वर्षाच्या अनुभवावर पुढचे ठरव. घरच्यांना एवढेच सांग की, ओळखेनासा झालेला मुलगा औषध सुरू झाल्यावर दीड-दोन महिन्यांनी शेतातून परस्पर ओपीडीत येतो आणि ‘डॉक्टर, कापूस वेचायचा आहे, लवकर सोडा’ म्हणतो, ते पाहायला मिळणारी दुसरी नोकरी माझ्या तरी पाहण्यात नाही.

प्रश्न : मी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. मला मानसिक आजारांचे तीन दिवसांचे प्रशिक्षण मिळाले. आता वरून विचारणा होते की तुमच्या केंद्रात किती मानसिक रुग्णांवर उपचार झाले. खरे सांगायचे तर मला अँटिसायकोटिक, म्हणजे भास-भ्रम आवरणारे, औषध सुरू करायची भीती वाटते. काही बिघडले तर जबाबदारी कोणाची? माझ्यासारख्याने हे काम करावे, अशी अपेक्षा तरी रास्त आहे का?

उत्तर : डॉक्टर, अपेक्षा रास्त आहे, तुम्हाला दिलेली साधने मात्र अपुरी आहेत.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २०१८ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम ३१ मध्ये सरकारी आरोग्य संस्थांतल्या आणि कारागृहांतल्या सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्राथमिक व तातडीच्या मानसिक उपचारांचे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. त्याच कलमात असेही आहे की, लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्य व्यावसायिकांची संख्या आंतरराष्ट्रीय मानकांपर्यंत दहा वर्षांत न्यायची. ही दहा वर्षे २०२८ मध्ये पुरी होतात. मानसोपचारतज्ज्ञांची संख्या त्या मुदतीत पुरेशी होणार नाही, हे कोणत्याही हिशेबाने दिसते, म्हणून भार तुमच्यावर येतो. तातडीच्या प्रसंगी, म्हणजे रुग्णाच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असताना, कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरला नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या व्यक्तीच्या, संमतीने, ती उपलब्ध असेल तर, आवश्यक ते उपचार करण्याची मुभा कलम ९४ देते. त्याला बहात्तर तासांची मर्यादा आहे, आणि विद्युतउपचार, म्हणजे विजेचे झटके, त्यात देता येत नाहीत. तेव्हा कायदा तुमच्या पाठीशी आहे.

भीतीबद्दल एक प्रसंग सांगतो. माझ्या जिल्ह्यातल्या एका तरुण डॉक्टरने प्रशिक्षणानंतर मोठ्या उमेदीने एका आक्रमक रुग्णाला हॅलोपेरिडॉल या अँटिसायकोटिक औषधाचे इंजेक्शन दिले. रात्री साडेदहाला त्या मुलाची मान एका बाजूला वळून ताठ झाली, जबडा आवळला, डोळे वर गेले. घरच्यांनी आरडाओरडा केला, गाव गोळा झाले. ही या औषधाची ओळखीची प्रतिक्रिया आहे आणि प्रोमेथाझिनच्या एका इंजेक्शनने ती बहुधा अर्ध्या तासात ओसरते. ते इंजेक्शन त्याच केंद्राच्या कपाटात होते. प्रशिक्षणात ही प्रतिक्रिया एका स्लाइडवर दाखवलेलीही होती. पण साडेदहा वाजता स्लाइड आठवत नाही. तेव्हा फोन उचलणारे कोणी लागते. त्या रात्री त्याच्याकडे माझा नंबर नव्हता. रुग्णाला रुग्णवाहिकेतून आमच्याकडे आणले आणि तासाभरात तो ठीक झाला, पण त्या डॉक्टरने पुढची दोन वर्षे एकाही मनोरुग्णाला औषध सुरू केले नाही. दोष माझाही होता. प्रशिक्षण संपल्यावर मी प्रमाणपत्रांवर सह्या केल्या आणि विषय मिटला असे समजलो.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. तीन दिवसांचा वर्ग ठेवलाच, पण दर पंधरा दिवसांनी गुरुवारी दुपारी प्रत्येक केंद्राच्या डॉक्टरने आपले दोन रुग्ण फोनवर सांगायचे, आणि नोंदवहीत तारीख चुकलेल्यांच्या नावापुढे लाल टिंब करायचे, असे ठरले. सुरुवातीला सगळे प्रश्न मात्रेविषयी असत. चार-पाच महिन्यांनी प्रश्नांचा सूर पालटला : ‘सर, लाल टिंबवाल्या सात जणांपैकी तिघे ऊसतोडीला गेले आहेत, त्यांना दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम देऊ का?’ असा प्रश्न विचारणारा डॉक्टर तयार झाला, असे मी मानतो.

ही कल्पना नवी नाही. निम्हान्सने १९८० च्या दशकात कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक केंद्रांतले डॉक्टर आणि कर्मचारी तयार करून हेच करून दाखवले, आणि १९९६ मध्ये देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला तो त्याच नमुन्यावर. आता निम्हान्स, रांची आणि तेजपूर इथल्या संस्थांच्या डिजिटल अकादमींतून दूरस्थ प्रशिक्षणही मिळते, ज्यात ठरावीक दिवशी रुग्णचर्चा असते. तुम्हाला निवड करता येत असेल तर नुसत्या व्याख्यानांपेक्षा रुग्णचर्चेचा अभ्यासक्रम घ्या.

खात्याची एक गाठ मात्र तुमच्या हाताबाहेरची आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत चालतो, आणि तुमचे केंद्र जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे. प्रशिक्षण एकाने द्यायचे, औषधे दुसऱ्याने मागवायची, बदलीचा आदेश तिसऱ्याच टेबलावरून. प्रशिक्षित डॉक्टरची वर्षभरात बदली होते आणि त्याच्या जागी आलेल्याला प्रशिक्षण झाले आहे की नाही, याची नोंद दोघांपैकी कोणाकडेच नसते. दोन्ही कार्यालयांनी प्रशिक्षित डॉक्टरांची एकच यादी ठेवावी आणि बदलीच्या वेळी ती पाहावी, एवढी साधी मागणी तुमच्या संघटनेनेही लावून धरायला हरकत नाही.

तोपर्यंत तुमच्यापुरते : दोन अँटिसायकोटिक आणि एक नैराश्यविरोधी औषध नीट शिकून घ्या, त्यांच्या दुष्परिणामांवरचा उपाय कपाटात ठेवा, गर्भवती, लहान मुले आणि लिथियमवरचे रुग्ण तज्ज्ञांकडेच पाठवा, आणि जिल्ह्याच्या मानसोपचारतज्ज्ञाचा वैयक्तिक नंबर आजच मागून घ्या.

प्रश्न : मी आशा आहे. घरोघरी जाऊन आम्ही मानसिक तणावाचे फॉर्म भरतो. फॉर्ममध्ये बाईच्या मनात जिवाचे बरेवाईट करायचे विचार येतात असे निघाले, तर पुढे काय करायचे? आमच्याकडे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात. आम्हाला विचारायची भीती वाटते की, विचारले म्हणून कोणी काही करून घेतले तर? आणि कोकणात दिलेल्या बहिणीचे विचारायचे होते : तिच्या मुलाच्या मानसिक आजाराच्या गोळ्या तालुक्याला मिळत नाहीत, बाहेरून विकत घ्याव्या लागतात. सरकारकडून मिळू शकतात का?

उत्तर : ताई, विचारल्यामुळे मनात नसलेला विचार येतो, हे आधी मनातून काढून टाका. उलट, सरळ शब्दांत आणि एकांतात विचारले की पुष्कळ बायका रडतात, आणि रडून झाल्यावर म्हणतात की आजवर कोणी विचारलेच नव्हते. तिने होकार दिला, तर तिला त्या दिवशी एकटी सोडू नका, घरातल्या विश्वासाच्या एका माणसाला तिच्या संमतीने सांगा, कीटकनाशकाचे डबे घरातून हलवायला लावा, आणि डॉक्टर येण्याच्या तारखेची वाट न पाहता तिला केंद्रात घेऊन जा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास आणि विनामूल्य चालतो, मराठीत बोलता येते. तिच्याजवळ बसून तुम्हीच तो लावून द्या. आणि तिचे नाव असलेला फॉर्म चावडीवर किंवा मीटिंगमध्ये हातोहात फिरू देऊ नका. गावात एकदा बोभाटा झाला की पुढच्या घरात तुम्हाला खरे उत्तर मिळणार नाही.

तुमचे काम किती मोलाचे आहे, याला आपल्याच भागातला पुरावा आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत २०१५ पासून प्रेरणा हा सरकारचा मानसिक आरोग्य प्रकल्प सुरू झाला, तो तुम्हाला ठाऊक असेल. त्याच सुमारास अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम झाला. गावातल्या कार्यकर्त्या घरोघरी बोलत, थोडे प्रशिक्षण दिलेले समुपदेशक पुढचा आधार देत, आणि गुंतागुंतीचे रुग्ण तेवढे मानसोपचारतज्ज्ञाकडे जात. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरांपैकी चार-पाच जणच कोणाकडे तरी मदत मागत होते. अठरा महिन्यांनी हे प्रमाण सत्तावीसवर गेले. गोव्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रांतही डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांचा असाच उपयोग झाल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. दोन्हीकडे वरच्या माणसाची नियमित देखरेख होती. तुमच्याकडे नुसतेच फॉर्म भरून घेतले जात असतील आणि पुढे कोणी पाहत नसेल, तर मासिक बैठकीत हे बोला, आणि एकटीने बोलण्यापेक्षा गटप्रवर्तक ताईंना बरोबर घ्या.

आता बहिणीच्या मुलाचे. कायद्याच्या कलम १८ प्रमाणे अत्यावश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजाराची औषधे सरकारी रुग्णालयांत, ग्रामीण रुग्णालयापासून वर, सर्वांना आणि सदैव मोफत मिळायला हवीत. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना तर सगळेच मानसिक उपचार मोफत आहेत. फार्मासिस्ट ‘स्टॉक नाही’ म्हणाला की आपले लोक मुकाट्याने बाहेर पडतात. तसे करायचे नाही. बहिणीला सांगा की, ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने साध्या कागदावर अर्ज लिहायचा : मुलाचे नाव, औषधाचे नाव आणि मात्रा, कोणत्या तारखांना मिळाले नाही, आणि ‘मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम १८ नुसार हे औषध मोफत मिळावे’ हे एक वाक्य. जिल्हा शल्यचिकित्सकांना त्याची प्रत द्यायची. बाहेरून घेतलेल्या गोळ्यांच्या पावत्या जोडायच्या, मूळ पावत्या स्वतःकडे ठेवून. अर्ज येईपर्यंत त्या गावाहून असे औषध कोणी मागते आहे, हे जिल्ह्याच्या औषध भांडाराला कळतच नाही आणि पुढच्या मागणीपत्रात ते औषध चढत नाही. माझ्या नोकरीत दोन तालुक्यांत फक्त अर्ज आल्यामुळे रिस्पेरिडोन हे अँटिसायकोटिक औषध मिळू लागल्याचे मी पाहिले आहे.

आवक-जावक विभागाचा शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय तिने तिथून निघू नये. महिनाभरात उत्तर आले नाही तर अर्जाची प्रत या सदराच्या पत्त्यावर पाठवा, आणि तोवर गोळ्या एक दिवसही बंद करू नका.